त्या बाटल्यांमधली माती फेकू नका: विश्वस्त मंडळास खुलं पत्र

माननीय विश्वस्त मंडळास,
सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी जुन्या माती-नमुन्यांच्या बाटल्या काढून टाकायची नोटीस काढली त्यांना ते ठाऊक आहे आणि बडोद्यातल्या जुन्या मंडळींना दोन ओळींत कळेल. याआधी मी दोन पत्रं आपल्या कार्यालयात हातोहात दिली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर.

गेल्या महिन्यात लायब्ररीचं पुस्तक परत करायला आले होते. मागच्या अंगणातून येताना पाहिलं तर शिपाई गुलाबाच्या वाफ्यापाशी उकिडवा बसून काचेच्या बाटल्या एकेक उपड्या करत होता. बूड हातावर आपटायचं, माती झाडायची, बाटली गोणीत टाकायची. एकीतून काळी माती पडली, पुढचीतून पिवळट, भुरभुरीत. मी म्हटलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "उपरथी ऑर्डर छे, बेन. शीशी भंगारमां, माटी गुलाबमां."

त्याचा दोष नाही. त्याला थांबवून मी गोणीतल्या बाटल्या मोजल्या. एकोणचाळीस निघाल्या. एका वाडीच्या, म्हणजे फळबागेच्या, मातीच्या तीन बाटल्या. म्हणजे तेरा वाड्या गुलाबाला घातल्या गेल्या. कपाटात अजून 174 आहेत, आणि हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मी 1983 मध्ये आपल्याकडे प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले आणि 2014 मध्ये निवृत्त झाले. त्या बाटल्यांपैकी निम्म्याहून अधिक माझ्या हातच्या आहेत. 1984 च्या डिसेंबरात भोपाळ झालं. त्या आठवड्यात आमचे सर वर्तमानपत्र समोर ठेवून नुसते बसून असायचे. मग एक दिवस म्हणाले, "उद्या इथे काही झालं तर आपण माती तपासायला धावू. पण कशाशी ताडून पाहणार? आधीची माती कुठाय?" तेव्हा तापीकाठी काकरापारला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. इथून सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटर. सर अणुशक्तीच्या विरोधात नव्हते, मीही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की भट्टी पेटायच्या आधीची माती एकदाच मिळते.

1985 च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत आम्ही हिंडलो. पादरा, सावली, करजण, डभोई, शिनोर. 71 वाड्या. वाड्याच का, शेतं का नाहीत, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. शेत दरवर्षी नांगरलं जातं, वरचं खाली जातं, सगळं एकत्र होतं. आंब्या-चिकूच्या वाडीत झाडाखालची जमीन वीस-वीस वर्षं फारशी हलत नाही. आकाशातून जे पडलं ते पडलं तिथेच थरावर थर बसतं. मातीची जणू वहीच असते ती, पानं फाडली नाहीत तर वाचता येते.

झाडाच्या आळ्याबाहेर, पण पानांच्या सावलीत, गिरमिटाने माती काढायची. वरचे पाच सेंटिमीटर वेगळे, पाच ते पंधरा वेगळे, पंधरा ते तीस वेगळे. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. ढेकळं लाकडी मोगरीने फोडायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, बाटलीत भरून बुचावर मेण ओतायचं. लेबलावर गावाचं नाव गुजरातीत, खोली मराठीत, सरांची सही इंग्रजीत. अशी बडोद्याची लेबलं. चाळणीची धूळ नाकात जाऊन मला महिनाभर शिंका येत होत्या, आणि सर विचारायचे, "कुठल्या गावची शिंक?"

43 नंबरच्या तीन बाटल्या माझ्या सासऱ्यांच्या वाडीच्या आहेत. पादऱ्याच्या पुढे अडीच एकर, सात आंबे, बाकी चिकू. माझं लग्न नंतर झालं, तेव्हा ते मला फक्त एक खडूस वाडीवाले काका म्हणून माहीत होते. "माती नेताय ती नेता, परत कधी आणणार?" असं त्यांनी विचारलं होतं. ती वाडी 2009 मध्ये गेली. आता तिथे बंगल्यांची स्कीम आहे, दारात सिंहांचे पुतळे. त्या जागी आज गिरमिट घातलं तर सिमेंटच लागेल. 71 पैकी निदान वीस वाड्यांची हीच गत आहे. त्यांची माती जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे, ते म्हणजे आपलं तळमजल्यावरचं कपाट.

आता तक्रारी.

नोटिशीत "निरुपयोगी जुने साहित्य" असं लिहिलं आहे. निरुपयोगी कोणी ठरवलं? बाटल्यांच्या नोंदींचं रजिस्टर कोणी उघडून पाहिलं? ज्यांनी ही माती गोळा केली त्यांतले आम्ही दोघे हयात आहोत, दोघेही शहरातच राहतो, एकालाही फोन आला नाही.

दुसरी गोष्ट मला एका कार्यालयीन माणसाने खालच्या आवाजात सांगितली. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर "सीझियम-137" लिहिलेलं कुणीतरी पाहिलं, आणि बैठकीत "इथे रेडिओअ‍ॅक्टिव्ह माती ठेवली आहे" असा गलबला झाला. म्हणून घाई. असं असेल तर तिची गुलाबाच्या वाफ्यात विल्हेवाट लावणं ही अजब पद्धत झाली! पण असो. भीती रास्त आहे की नाही ते सांगते. 1950-60 च्या दशकांत अमेरिका, रशिया आणि इतरांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. 1963 च्या करारानंतर त्या बहुतेक थांबल्या, चीनने शेवटची 1980 मध्ये केली. त्यांतून निघालेलं सीझियम-137 हे किरणोत्सर्गी द्रव्य पावसाबरोबर जगभर उतरलं. ते आपल्या कमाटीबागेत आहे, तुमच्या-माझ्या अंगणातही आहे. बाटल्यांमध्ये आहे ते तेवढंच, आणि तेही घटत चाललंय, कारण त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, म्हणजे दर तीस वर्षांनी ते निम्मं होतं. 1985 मध्ये जे बाटलीत बंद झालं त्याचे दहातले चार भागच आता उरलेत. शिवाय मातीत मुळातच पालाश, म्हणजे पोटॅशियम, असतं आणि त्यातला किंचित अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. एक किलो साध्या मातीत त्याची मात्रा सरासरी 400 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) असते. बॉम्बचं सीझियम त्यापुढे किरकोळ. या बाटल्यांजवळ मी एकतीस वर्षं डबा खाल्ला आहे.

किरणोत्सर्गी वस्तू न विचारता भंगारात घालण्याचा खरा प्रकार पाहायचा असेल तर 2010 आठवा. दिल्लीच्या मायापुरीत भंगार बाजारात कोबाल्ट-60 चं उपकरण फोडलं गेलं आणि एक माणूस जिवानिशी गेला. वापरात नसलेली वस्तू म्हणून एका शिक्षणसंस्थेने ते लिलावात काढलं होतं. तिथली वस्तू जहाल होती, इथली निरुपद्रवी आहे. पण "काय आहे ते बघायचं नाही, जागा मोकळी करायची" ही वृत्ती दोन्हीकडे एकच.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी, म्हणून तिला जास्त जागा. पहिल्या पत्राच्या पोचेत एक वाक्य होतं: अशा मोजण्या सरकार करतंच, आपण जुनी माती जपण्याचं कारण नाही. सरकार करतं हे खरं आहे. प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षणाची प्रयोगशाळा असते आणि ती केंद्राच्या आसपासची, साधारण तीस किलोमीटरपर्यंतची माती, पाणी, दूध, भाजी तपासते. काकरापारची पहिली भट्टी 1992 मध्ये सुरू झाली, आता तिथे 700 मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्याही आहेत. 11 मार्च 2016 रोजी पहिल्या भट्टीत जड पाण्याची गळती झाली, भट्टी बंद करावी लागली. बाहेर काही गेलं नाही, असं जाहीर झालं. मी त्यावर शंका घेत नाही. पण योगायोग असा की त्या दिवशी जपानच्या फुकुशिमा अणुदुर्घटनेला बरोबर पाच वर्षं झाली होती. आणि फुकुशिमाच्या फळबागांनी जे शिकवलं ते तीस किलोमीटरच्या वर्तुळात मावणारं नाही.

ते नीट सांगते, कारण विश्वस्तांपैकी निदान दोघांच्या वाड्या आहेत.

2011 च्या मार्चमध्ये तिथे अजून हिवाळाच होता. पीच, पर्सिमन (टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ), सफरचंदाची झाडं निष्पर्ण उभी. केंद्रापासून साठेक किलोमीटरवरच्या दाते शहराच्या आणि कुनिमी गावाच्या बागांवरही किरणोत्सर्गी धूळ उतरली. फळात सीझियम आलं म्हटल्यावर कुणालाही वाटेल की ते मुळांनी मातीतून घेतलं. तसं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत ते मुख्यतः सालीतून आलं. उघड्या खोडावर, फांद्यांवर धूळ बसली, सालीने ती आत घेतली आणि वसंतात झाडाने ती नव्या पानांना आणि फळांना वाटून टाकली. म्हणून 2011-12 च्या हिवाळ्यात तिथले शेतकरी कडाक्याच्या थंडीत एकेक झाड जोरदार फवाऱ्याने धूत होते, जुनी खडबडीत साल खरवडत होते.

त्या भागात पर्सिमन सोलून दोरीला टांगून वाळवतात, आन्पोगाकी म्हणतात त्याला. वाळताना पाणी जातं, सीझियम तिथेच राहतं, म्हणून ओल्या फळात जे मर्यादेत बसतं ते वाळल्यावर मर्यादेबाहेर जाऊ शकतं. जपानने 2012 च्या एप्रिलपासून अन्नासाठी किलोला 100 बेकरेलची मर्यादा घातली. आन्पोगाकी 2011 आणि 2012 असे दोन हंगाम बंद राहिली. आपल्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर आंब्याचं साठं घालतात, त्याचं गणित हेच. एक वाटी साठं म्हणजे किती आंबे, ते आपल्या आईला विचारा.

आता मातीकडे. खाली पडलेलं सीझियम फार हलत नाही, हे खरं. न नांगरलेल्या जमिनीत बहुतेक सगळं वरच्या पाच सेंटिमीटरांत अडकून राहतं आणि वर्षाला काही मिलिमीटर खाली सरकतं. पण कुठे किती सरकतं हे जमिनीवर आहे. अभ्रकाच्या वंशातली चिकणमाती सीझियमला आपल्या पापुद्र्यांच्या कडांमध्ये चिमट्यात धरावं तसं धरते, सोडत नाही. काळ्या जमिनीतली फुगणारी चिकणमाती पुष्कळ क्षार धरून ठेवते, पण सीझियमवरची तिची पकड त्यामानाने सैल. पालापाचोळा कुजून झालेल्या थराची तर आणखी सैल. आमची सावलीकडची जमीन गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याची, करजणची कानम पट्ट्यातली काळी. एकाच जिल्ह्यात दोन वेगळे स्वभाव.

काळ्या जमिनीचं आणखी एक आहे. वैशाखात ती तोंड उघडते. शिनोरच्या एका वाडीत माझं गिरमिट भेगेत पडलं होतं, हात कोपरापर्यंत घालूनही मिळेना. मृगाच्या पहिल्या सरीत वरची भुरभुरीत माती अशा भेगांत ओघळते आणि वरच्या थरात बसलेलं बरंच काही एका दुपारी खोल खाली जातं. तिथे "वरचे पाच सेंटिमीटर खरवडा, काम झालं" हा नियम लागू पडत नाही. म्हणून सर तीन थरांसाठी हट्ट धरत आणि आम्ही त्यांच्या मागे कुरकुरत असू.

शिवाय आपली झाडं बारमाही हिरवी. चिकूला, आंब्याला मार्चमध्येही पान असतं. धूळ आधी पानावर बसणार, काही पान पिऊन घेणार, काही पावसाने खोडावरून ओघळून बुंध्याशी जमणार, काही पानगळीबरोबर झाडाखाली. जपानचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं चालणार नाही. सूर्यफुलं लावून सीझियम ओढून घेण्याचा प्रयोग तिथे झाला, त्याने जमीन साफ झाली नाही. उपयोग झाला तो भातखाचरांत पालाश घालण्याचा, कारण रोप सीझियमला पालाश समजूनच घेतं. पालाश पोटभर मिळालं तर ते तिकडे कमी वळतं. कुठल्या वाडीत पालाश किती होतं, ते आमच्या रजिस्टरमध्ये 71 वाड्यांचं लिहिलेलं आहे. तेही आपण रद्दीत काढलं आहे.

आणि समजा उद्या काही झालंच, किंवा नुसती अफवा उठली. कुणी म्हणालं, पादऱ्याच्या चिकूत सीझियम सापडलं. बाजार एका दिवसात बसेल. तेव्हा हे नवं की 1963 चं जुनं, याचं उत्तर द्यावं लागेल. अणुभट्टीच्या ताज्या धुळीत सीझियमचा दुसरा प्रकार, सीझियम-134 ही असतं, त्यावरून काही काळ ओळखता येतं. पण त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांचं, दहा-बारा वर्षांत तो साक्षीदार जवळजवळ नाहीसा होतो. मग उरतं ते एकच: त्याच भागातली जुनी, तारीख घातलेली, मेण लावलेली माती. आमची चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेच्याही आधीची आहे. चेर्नोबिल 26 एप्रिल 1986 ला झालं. आमची शेवटची बाटली 1985 च्या मे महिन्यातली.

या बाटल्यांचं सीझियम कधी मोजलंच गेलं नाही, हे मी लपवत नाही. सरांचा बेत होता, मग सर आजारी पडले, मग मी एकटी काय करणार होते. त्याला आमचा आळस म्हणा. पण मोजणी आजही होते. जर्मेनियमच्या डिटेक्टरसमोर (किरण टिपणाऱ्या यंत्रासमोर) बाटलीतली माती ठेवायची, काही तास तशीच राहू द्यायची. सीझियमचा किरण 662 किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेवर आपली खूण देतो. माती खर्च होत नाही, जाळावी लागत नाही, मोजून परत बाटलीत भरता येते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात 1843 पासून पिकांचे आणि मातीचे नमुने, पुढे गवतही, असंच जपून ठेवलं आहे, आणि ते ठेवणाऱ्यांना अणू फुटतो हेही माहीत नव्हतं. पुढे त्याच जुन्या गवतात बॉम्बचाचण्यांचं प्लुटोनियम मोजता आलं.

चौथी तक्रार छोटी आहे. कपाटाच्या जागी "अ‍ॅक्टिव्हिटी रूम" होणार असं कळलं. जरूर व्हावी, मुलांना जागा हवीच. चार कपाटांना बाराएक फूट भिंत लागते. जिन्याखाली तेवढी भिंत रिकामी आहे, मी टेपने मोजून आले आहे.

तर माझ्या मागण्या अशा.

उरलेल्या 174 बाटल्या आहेत तशा राहू द्या, लेखी निर्णय होईपर्यंत एकही उघडू नये. भंगारात गेलेलं रजिस्टर परत आणा. भंगारवाला रावपुऱ्याच्या पलीकडचाच आहे, मी त्याच्याकडे जाऊन आले, त्याने कागद अजून विकलेले नाहीत आणि तो तुमच्या चिठ्ठीशिवाय मला देत नाही. रजिस्टर मिळालं की पानापानाचा फोटो काढून मी स्वतः यादी करून देईन, त्याचे पैसे नकोत.

संस्थेला जागा नसेल तर तसं स्पष्ट लिहून या बाटल्या रजिस्टरसकट कृषी विद्यापीठाला देऊ करा. आणंद इथून तासाभराच्या वाटेवर आहे. पत्र मी तयार करून ठेवलं आहे, आपली सही हवी. देताना एक अट घाला, की प्रत्येक बाटलीतली किमान निम्मी माती कायम न वापरता राखली जाईल.

आणि ज्या तेरा वाड्या वाफ्यात गेल्या, त्यांच्या मालकांना किंवा मुलांना संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहा. 1985 मध्ये आम्ही त्यांच्या दारात जाऊन "संशोधनासाठी" म्हणून माती मागितली होती. त्यांनी चहा पाजला, गिरमिट फिरवायला मदत केली, एका आजींनी तर बाटलीला हळदकुंकू लावलं होतं. पत्ते माझ्याकडे आहेत. मी स्वतः कळवू शकते, पण माती संस्थेच्या नावावर घेतली होती.

या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मला दहा मिनिटं द्यावीत. त्याहून जास्त बोलणार नाही.

आपली,
एक माजी प्रयोगशाळा सहायक
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. रिकाम्या झालेल्या एकोणचाळीस बाटल्यांची लेबलं मी त्या दिवशी ओल्या रुमालाने सोडवून घेतली, स्टीलच्या डब्यात आहेत. बाटल्या परत मिळाल्या तरी त्यांत वाफ्यातली माती भरू नका, ती आता मिसळलेली आहे. आणि कपाट हलवाल तेव्हा वरच्या फळीवरचा कापूर बदला. लेबलांच्या खळीला झुरळं येतात.